प्रेमापायी वागतो भीम, हिशेब मात्र द्रौपदीच्या नावावर

पानगळ

महाप्रस्थानात, म्हणजे पांडवांच्या शेवटच्या प्रवासात, पाच भाऊ, द्रौपदी आणि एक कुत्रा चालताहेत. पहिली पडते ती द्रौपदी. भीम विचारतो, हिने कधी अधर्म केला नाही, मग ही का पडली? युधिष्ठिर मागे वळूनही न बघता सांगतो, अर्जुनावर हिचा जास्त जीव होता, त्याचं हे फळ. पुढे सहदेव पडतो, त्याला शहाणपणाचा गर्व. नकुलाला रूपाचा. अर्जुन एका दिवसात शत्रू जाळीन म्हणाला होता आणि जाळले नाहीत. सरतेशेवटी भीम: फार खाल्लंस आणि ताकदीची फुशारकी मारलीस.

आता ही यादी जरा सावकाश वाचा. पुरुषांचे दोष म्हणजे गर्व, बढाई, फार तर खादाडपणा. एकट्या बाईचा दोष म्हणजे तिचं मन कुणाकडे जास्त ओढ घेत होतं हे. आणि तेव्हापासून आपण तोच प्रश्न घोळवत बसलोय. तिचं प्रेम अर्जुनावर की भीमावर की कर्णावर? कथा, कादंबऱ्या, नाटकं, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धा, सगळीकडे तेच.

माझं म्हणणं असं की महाभारतात प्रेमापायी वागणारा माणूस भीम आहे. द्यूतसभेत थोरल्या भावाचे हात जाळतो म्हणून सहदेवाला विस्तव आणायला सांगणारा तो. तिने एक सुवासिक कमळ दाखवून अशीच आणखी हवीत म्हटलं, तर गंधमादन पर्वत तुडवत जाणारा तो. आणि विराटपर्वातली, अज्ञातवासातली ती रात्र. राणीच्या भावाने, कीचकाने छळलेली द्रौपदी मुदपाकखान्यात येऊन त्याला झोपेतून उठवते. चंदन उगाळून उगाळून हाताला पडलेले घट्टे दाखवते. हा दांडगा गडी ते हात स्वतःच्या तोंडावर ठेवतो आणि रडतो. एवढं होऊनही भीम म्हणजे गदा, बकासुर आणि गाडाभर भात. त्याच्या वागण्यामागे प्रेम असेल हे आपल्या डोक्यातच येत नाही, कारण पुरुषाला प्रतिज्ञा असते, धर्म असतो, राज्य असतं. प्रेम हे बाईच्या खात्यात.

निवृत्त_मास्तर

धागा छान आहे, पण घाई झाली. अर्जुनावर तिचा जीव होता ही युधिष्ठिराची कुजकट कल्पना नाही, मूळ संहितेतच त्याची खूण आहे. अर्जुन सुभद्रेला घेऊन इंद्रप्रस्थाला येतो तेव्हा द्रौपदी त्याला म्हणते, जा तिकडेच. मोळी कितीही घट्ट बांधलेली असो, वरून दुसरा बंध पडला की पहिला सैल होतो. हे वाक्य नुसत्या पट्टराणीच्या मानापमानाचं वाटतं का तुम्हांला? इतर भावांच्याही वेगळ्या बायका होत्या. त्यांच्यापैकी कुणाला तिने असं ऐकवलेलं नाही.

मग सुभद्रा गवळणीच्या वेषात येऊन ‘मी तुमची दासी’ म्हणते आणि विषय मिटतो. पण बंध सैल झाल्याचं दुःख खरं होतं. बाईच्या वागण्यामागे प्रेम बघणं हा तिचा अपमान, असं म्हणता म्हणता तुम्ही तिच्याकडून प्रेमच काढून घेताय.

खडीसाखर

मला दोघांचंही पटत नाही.

कीचकाची गोष्ट प्रेमाची नाहीच. त्याच दिवशी भरदरबारात कीचकाने तिला लाथ मारली. समोर कंक नावाने वेषांतर करून बसलेला युधिष्ठिर काय म्हणाला? नटीसारखी इथे धावपळ काय करतेस, सभेतल्या द्यूतात विघ्न आणतेस, आत जा. द्यूत! त्याच खेळात हिला हरलेला माणूस हे बोलतो. तेव्हा रात्री ती भीमाकडे जाते कारण काम करणारा तेवढा एकच उरलाय. चंदनाचे घट्टे ती कुणाला दाखवते, कधी दाखवते, किती वेळ दाखवते, हे नीट बघा. आधी सगळ्या भावांचे हाल सांगते, मग स्वतःचे, शेवटी हात पुढे करते. ही वकिली आहे, आणि चोख आहे. कीचक मेल्यावर पहारेकऱ्यांना बोलावून प्रेत दाखवणारीही तीच.

तिला राग आहे आणि न्याय हवाय. पुरुष पात्राच्या बाबतीत एवढं कारण आपल्याला पुरतं. बाई असली की आत कुठेतरी प्रेम शोधायला टॉर्च घेऊन निघतात सगळे, धागाकर्ते धरून.

पानगळ

टॉर्च मान्य. पण मी तो भीमावर मारतोय, तिच्यावर नाही.

कोरडा_पाऊस

इरावतीबाई कर्व्यांची आठवण अजून कुणी काढली नाही याचं आश्चर्य वाटतं. महाभारतावरच्या त्यांच्या ‘युगान्त’मध्ये (१९६७) शेवटी पडलेल्या द्रौपदीला उमगतं की आपल्यावर जीव टाकला तो भीमाने, आणि ती त्याला म्हणते, पुढच्या जन्मी थोरला हो. पानगळ यांचा मुद्दा तिथे केव्हाच मांडून झालाय.

निवृत्त_मास्तर

आणि त्या भागाला बाईंनी स्वतःच ‘नरोटी’, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, म्हटलंय, तेही सांगा की. इथपर्यंतचं संहितेला धरून, यापुढची माझी नरोटी, असं उघड. पुराव्याबाहेर पाऊल टाकताना वाचकाला सांगून टाकणारी लेखिका. हल्लीचे कादंबरीकार पानंच्या पानं रडारड लिहितात आणि खाली सही व्यासांची.

शिवाय त्याच बाई द्यूतसभेतल्या द्रौपदीवर कडक टीका करतात. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हा कायद्याचा कीस काढणं ही तिची मोठी चूक, असं त्यांचं मत. मला ते आजवर पटलेलं नाही. पण बाईने दुसऱ्या बाईचं वागणं बुद्धीच्या अंगाने तपासलं, हे आवडतं.

खडीसाखर

मास्तर, त्या टीकेवर वेगळा धागा काढा, मी भांडायला येते. भर सभेत रडणाऱ्या बाईची कीव केली असती लोकांनी, प्रश्न विचारणारीला उत्तर द्यावं लागतं. भीष्मालासुद्धा देता आलं नाही. पुढे धृतराष्ट्राने वर दिले तेव्हा पहिल्या वरात युधिष्ठिराला सोडवलं, दुसऱ्यात बाकी चौघांना, तिसरा नाकारला. अर्जुन दुसऱ्या खेपेत, इतरांबरोबर! कुठे गेला विशेष ओढा?

मुक्काम_पोस्ट

तुम्ही सगळे संहिता संहिता करताय म्हणून. मी विठ्ठल उमपांचं ‘जांभूळ आख्यान’ पाहिलंय, मावशीबरोबर. द्रौपदीच्या मनात कर्ण येतो, आणि कृष्ण जांभळाच्या निमित्ताने ते तिच्या तोंडून काढून घेतो. साठीचा माणूस पदर घेऊन द्रौपदी होतो आणि दोन मिनिटांत तो पुरुष आहे हे आपण विसरतो. पाच नवरे असलेल्या बाईला सहावा आवडला, हे ऐकून माझी मावशी हसली नाही. नाटक संपल्यावर एवढंच म्हणाली, ‘आवडला तर आवडला, त्यात काय.’ घरात सोवळंओवळं पाळणारी बाई.

पंडितांनी तिच्या मनाला दोष म्हटलं. गोंधळ्यांनी ते गाऊन दाखवलं. हा फरक धाग्यात यायला हवा.

निवृत्त_मास्तर

आख्यान थोरच, पण पुरावा म्हणून नको. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात, ‘सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचं स्वयंवरातलं वाक्यसुद्धा मुख्य संहितेत नाही, तळटीपेत गेलंय. कर्ण-द्रौपदीची सगळी माडी ज्या खांबावर उभी आहे तोच मागून लावलेला.

मुक्काम_पोस्ट

मागून कुणाला तरी तो लावावासा वाटला ना? मला त्यात जास्त रस आहे.

ताकभात

इतका वेळ नुसता वाचत होतो. पानगळ, तुमचा प्रेमळ भीम एका नावावर अडखळतो. हिडिंबा.

महाभारतात ‘माझं याच्यावर मन बसलं’ असं सासूच्या तोंडावर सांगणारी बाई कोण? हिडिंबा. कुंतीला सरळ सांगते, आप्त सोडले, कुळाचा धर्म सोडला, याला नवरा मानलंय. त्याआधी भावाच्या तावडीतून भीमाला वाचवायला त्याच्या विरुद्ध गेलेली. प्रेम हाच जिच्या वागण्याचा सगळा अर्थ आहे अशी ती बाई, आणि ती राक्षसीण दाखवलीय. राजकन्या असती तर हेच बोलणं निर्लज्जपणा ठरलं असतं.

आणि भीम काय करतो? मूल होईपर्यंत राहतो, मग निघतो. नंतर हिडिंबेची आठवण काढून तो रडल्याचं मला तरी कुठे दिसलं नाही. गंधमादनाच्या वाटेवर द्रौपदी थकून कोसळते तेव्हा त्याला कोण आठवतो? घटोत्कच. हिडिंबेचा मुलगा येऊन सावत्र आईला उचलून नेतो. पुढे त्याच पोराच्या अंगावर कर्णाचं एकदाच वापरता येणारं शक्ती हे अस्त्र संपतं. आता सांगा, प्रेमापायी कोण वागलं आणि कुणाच्या जिवावर.

पानगळ

निरुत्तर. कमळं आणायला जाणारा भीम मी वर लिहिला, आणि त्याच वाटेवर तिला उचलून नेणारा पोरगा विसरलो.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. भीम एकीशी वाईट वागला म्हणून दुसरीवरचं त्याचं प्रेम खोटं ठरत नाही.

खडीसाखर

खोटं नाही. स्वस्त ठरतं.

निवृत्त_मास्तर

दुपारी महाप्रस्थानिक पर्व परत काढलं. छोटं आहे, चहा निवायच्या आत वाचून होतं. प्रत्येक जण पडला की भीमच विचारतो, हा का पडला? दुसरं कुणी विचारत नाही. शेवटी स्वतः पडल्यावर खालून हाक मारतो: राजा, इकडे बघ, तुझा लाडका मी पडलोय, का ते माहीत असेल तर सांग.

‘तुझा लाडका’ हे तो युधिष्ठिराला म्हणतो. ज्याचे हात जाळायला निघाला होता त्याला. आजवर तीनदा तरी वाचलं असेल, त्या शब्दावर कधी थांबलो नव्हतो.

ताकभात

आणि उत्तर मिळालं, फार खाल्लंस.