मदत हवी आहे: सिंड्रेलाची चप्पल दादरला अडकलीय!

मंडळी, आमच्या परळच्या चाळीत गणपतीसाठी मुलांचं प्रहसन बसवतेय. कल्पना 'फ्रॅक्चर्ड फेअरी टेल्स'वरून सुचली. १९५९ला अमेरिकेत सुरू झालेल्या 'रॉकी अँड बुलविंकल' मालिकेतले ते छोटे कार्टून भाग. एडवर्ड एव्हरेट हॉर्टन साळसूद आवाजात परीकथा सांगतो आणि पडद्यावर भलतंच चालू!

आमची सिंड्रेला शेवटच्या लोकलसाठी धावते, चप्पल दादरच्या जिन्यावर राहते. इथवर पोरं खिदळतात. पण राजपुत्र चप्पल घेऊन दारोदार फिरायला लागला की सगळं थंड. (तो सहावीतला, संवाद विसरला की नाक खाजवतो, तेवढाच हशा.) निवेदक कीर्तनकारासारखा ठेवू का? आणि शेवट? लग्न नकोय हं. रविवारी तालीम आहे, लवकर सुचवा.