जानेवारीतच पन्हाळा चढावा का? ट्रायथलॉनच्या हंगामाची सुरुवात कशी करावी?

फौंड्रीकर:

नमस्कार. माझे वय 41 आहे आणि मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत नोकरी करतो. गेल्या वर्षी 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणे अशी स्प्रिंट अंतराची एक ट्रायथलॉन मी कशीबशी पूर्ण केली. या वर्षअखेरीस गोव्यात अर्ध-आयर्नमॅन अंतराची, म्हणजे 1.9 किलोमीटर, 90 किलोमीटर आणि 21.1 किलोमीटरची स्पर्धा करण्याचा विचार आहे. दिवाळीपासून लग्नसराई आणि कारखान्यातील जादा पाळ्या यांमुळे सराव जवळजवळ बंद होता. 1 जानेवारीला तो पुन्हा सुरू केला आणि दोनच आठवड्यांत गोंधळून गेलो आहे.

आमचा सायकलचा गट दर रविवारी शिवाजी पुलावरून निघून केर्ली, वाघबीळमार्गे पन्हाळ्याला जातो. निघताना सगळेच म्हणतात की आज निवांत जायचे. वाघबीळ आले की प्रत्येकाचे लक्ष दुसऱ्याच्या चाकाकडे जाते आणि वर पोहोचेपर्यंत माझी हृदयगती 175 झालेली असते. इकडे जे वाचावे त्यात मात्र सुरुवातीला हृदयगती कमी ठेवून बेस, म्हणजे दमाचा पाया, बांधा, असे सांगितलेले असते. 180 वजा वय या सूत्राने माझी मर्यादा 139 येते. तेवढ्यात धावायचे तर विद्यापीठाच्या आवारातील किरकोळ चढावरही मला चालावे लागते आणि फिरायला आलेले आजोबा शांतपणे पुढे निघून जातात. त्यातच मागच्या आठवड्यापासून उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले आहे.

पोहणे मी लहानपणी गावाकडे विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलो. पाण्याची भीती अजिबात नाही, पण तलावात 100 मीटर झाले की धाप लागून काठ धरावा लागतो. आठवड्याला फार तर सात तास मिळतात. पन्हाळा बंद करावा का, आणि हे सात तास कसे वाटावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

घाटवाट:

नमस्कार फौंड्रीकर. आपली नडगी आणि आपली 175 हृदयगती या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. गेल्या वर्षीच्या सरावाने हृदय आणि फुप्फुसे यांची जी क्षमता वाढली होती, ती काही आठवड्यांत बऱ्यापैकी परत येते. हाडे आणि स्नायुबंध यांना त्याच भाराची सवय व्हायला मात्र महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस पळत राहतो आणि बिल नडगीच्या नावावर फाटते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हळू जायला सांगतात त्याचे हे एक कारण. दुसरे असे की दीर्घकाळ सौम्य गतीने केलेल्या कामामुळे स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे वाढते, पेशींतील ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि शरीर इंधन म्हणून चरबी अधिक प्रमाणात वापरू लागते. सहा-सात तास चालणाऱ्या स्पर्धेत हीच शिदोरी कामाला येते.

आता 139 या आकड्याविषयी. 180 वजा वय हा ठोकताळा आहे. वयावरून काढलेली कमाल हृदयगतीसुद्धा माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे होते. नडगी पूर्ण बरी झाल्यावर एकदा सपाट रस्त्यावर एकट्याने अर्धा तास, सांभाळता येईल तेवढ्या कमाल पण एकसारख्या वेगाने धावून पाहावे आणि शेवटच्या 20 मिनिटांची सरासरी हृदयगती नोंदवावी. ती 165 आली, तर तिच्या 85 ते 89 टक्के, म्हणजे साधारण 140 ते 147, हा आपला सौम्य धावण्याचा पट्टा धरता येईल. तोपर्यंत बोलण्याची कसोटी पुरेशी आहे: सोबत्याला पूर्ण वाक्यात घरची हकीकत सांगता आली पाहिजे. मनगटावरच्या घड्याळावर मात्र फार विसंबू नये. धावताना ते कधी कधी ठोक्यांऐवजी पावलेच मोजते आणि 165 दाखवते. छातीचा पट्टा अधिक खात्रीचा. आणि सौम्य धावण्यासाठी विद्यापीठाचे चढउतार कशाला? रंकाळ्याकाठी सपाटीला जावे, तिथे चालावे लागण्याचे प्रसंग आपोआप कमी होतील. आजोबांचे म्हणाल, तर ते बहुधा वीस वर्षे रोज येत असतील. त्यांचा बेस पक्का आहे.

पन्हाळा बंद करू नये, पण दर रविवारी करू नये. गड भोवतालच्या प्रदेशाहून सुमारे 400 मीटर उंच आहे, म्हणजे पाय कितीही जपून मारले तरी बराच वेळ जोर लागणारच. महिन्यातून एकदा एकट्याने, मागचा सर्वांत मोठा दातेरी गिअर टाकून, बसूनच चढावे. उरलेल्या रविवारी गटाबरोबर वाघबिळाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत फिरावे. पहिल्या खेपेला मंडळी टोमणे मारतील, तिसऱ्या खेपेला दोघे-तिघे आपल्याबरोबर वळतील. निदान माझा अनुभव तसा आहे.

काठावरचा:

सायकल आणि धावणे यांविषयी घाटवाट यांनी सांगितलेच आहे, त्यामुळे मी पाण्यापुरतेच लिहितो. विहिरीत शिकलेल्या प्रौढांना तलावात नव्याने पोहायला शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि आपले वर्णन वाचताच आपण पाण्यात कसे दिसत असाल ते डोळ्यांसमोर आले. विहिरीत वरून कोण सूर मारतो आहे, मुटका कुठे पडतो आहे आणि भिंत किती जवळ आली आहे, हे पाहण्यासाठी मुंडी कायम वर ठेवावी लागते. तिथे ती सवय जीव वाचवते. तलावात तीच सवय दमवते, कारण डोके वर उचलले की कंबर आणि पाय खाली जातात आणि अंग पाण्याला आडवे जाण्याऐवजी तिरके घुसते. मग हातांचे निम्मे बळ पुढे जाण्यात आणि निम्मे बुडणारे पाय ओढण्यात खर्च होते.

धाप लागण्याचे कारण बहुतेकांना कमी दम हे वाटते, पण मला आजवर भेटलेल्या दहातल्या आठ जणांची चूक श्वास सोडण्यात होती. तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून धरायचा आणि डोके बाहेर आल्यावर त्या क्षणभरात सोडायचा आणि घ्यायचाही, असा त्यांचा प्रयत्न असतो. त्यामुळे जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जीव घुसमटतो. पाण्यात असताना नाकातोंडातून संथ, अखंड बुडबुडे सोडत राहिल्यास वळून तोंड उघडल्यावर फक्त घ्यायचेच काम उरते. हे काठाला धरून, उभ्या उभ्या, रोज पाच मिनिटे करावे. लहान मुलांच्या वर्गात बसल्यासारखे वाटेल, ते सहन करावे.

सहा आठवडे तरी सलग लांब अंतर पोहूच नये. 25 मीटरच्या 12 ते 16 फेऱ्या, प्रत्येकीनंतर 20 सेकंद विश्रांती, आणि फेरी बिघडली असे वाटताच थांबणे, एवढेच करावे. थकलेल्या अंगाने पोहलेली प्रत्येक लांबी जुनी सवयच घट्ट करते. पाय मारताना गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे न मारता कमरेतून मारावेत. धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, म्हणून त्यांना हे विशेष जड जाते. आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा तीनदा पाऊण तास पोहणे कितीतरी चांगले, कारण पाण्याचा अंदाज चार दिवसांत विसरतो.

त्यानंतर एक चाचणी घ्यावी. अंग मोकळे करून 400 मीटर पूर्ण प्रयत्नाने पोहावे, चांगली विश्रांती घेऊन 200 मीटर पोहावे आणि दोन्ही वेळांची वजाबाकी करावी. समजा 400 ला 10 मिनिटे आणि 200 ला 4 मिनिटे 40 सेकंद लागले, तर फरक 5 मिनिटे 20 सेकंद, म्हणजे दर 100 मीटरला 2 मिनिटे 40 सेकंद. हा आपला टिकाऊ वेग. या अंतराच्या स्पर्धांत पोहण्यासाठी सर्वसाधारणपणे 1 तास 10 मिनिटे मिळतात, म्हणजे दर 100 मीटरला सुमारे 3 मिनिटे 41 सेकंद. समुद्रात लाटांमुळे आणि वाट चुकल्यामुळे अंतर वाढते हे धरूनही 2 मिनिटे 40 सेकंदांच्या माणसाला घाबरण्याचे कारण नाही. तेव्हा वेगाची चिंता सध्या बाजूला ठेवावी.

एक गंमत सांगतो. समुद्रात तळाशी काळी रेघ नसते, त्यामुळे दर आठ-दहा हातांनी मुंडी वर काढून खुणेचा फुगा शोधावा लागतो. तलावात शिकलेले लोक तिथे बावचळतात आणि विहिरीवाले निवांत असतात. म्हणजे आपली जुनी विद्या वाया जाणार नाही; फक्त ती ऑगस्टनंतर बाहेर काढावी. तोवर उघड्या तलावात एकट्याने उतरू नये आणि पावसाळ्यात पंचगंगेचे तर नावही घेऊ नये.

उसाचा फड:

अवांतर वाटेल, पण मार्चपर्यंत आमच्या भागात गाळप चालू असते हे वरील कोणीच लिहिलेले नाही. पहाटे पाचला अंधारात सायकल काढणाऱ्यांना दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोरून येताना दिसतो, पण पुढे चाललेल्या ट्रॉलीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नसते. मी स्वतः ऊस घालतो, म्हणून हे अधिकाराने सांगतो. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, त्यामुळे डावीकडून पुढे जाण्याचा प्रयत्न कधीही करू नये. रस्त्यावर पडलेल्या कांड्यांवरून पातळ टायर सटकतो. उजाडल्यावरच निघावे आणि दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवावा.

नडगीवैद्य:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, म्हणून केवळ भेद सांगते. नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल आणि धावायला लागल्यावर थोडे कमी होत असेल, तर ते बहुधा भार अचानक वाढल्याचे दुखणे असते. एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा नेमक्या जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला ताणाचा तडा गेल्याची शक्यता असते. अशा वेळी धावणे त्या दिवसापासून बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीला क्ष-किरण चित्रात असा तडा अनेकदा दिसत नाही, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

पहिल्या प्रकारचे असल्यास दोन आठवडे धावणे थांबवून सायकल आणि पोहणे चालू ठेवता येईल. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, हा व्यायाम दिवसाआड करावा. पुन्हा सुरुवात करताना एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे करावे.

पाळीवाला:

बहुतेक मुद्दे पटले, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. सगळा सराव सौम्य ठेवण्याचा उपदेश आठवड्याला पंधरा-वीस तास देणाऱ्यांना लागू पडतो. सात तासांत सगळेच सौम्य केले, तर वर्षभर निष्ठेने सराव करूनही माणूस आहे तिथेच राहतो; मी एक पूर्ण हंगाम असा घालवला आहे. सायकलवर हाडांना धावण्यासारखे हादरे बसत नाहीत, म्हणून आठवड्यातला एक तास घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच चालवता येईल अशा स्टँडवर, जोराचा ठेवायला हरकत नसावी: अंग गरम झाल्यावर 8 मिनिटे जोरात, 4 मिनिटे हळू, असे चार वेळा. गटाविषयीही सांगतो. रविवारची ती ईर्षा नसती तर आपल्यापैकी निम्म्यांनी सायकल केव्हाच विकली असती.

घाटवाट:

ट्रेनरवरचा तास मान्य आहे, मात्र पहिल्या महिन्यात चारऐवजी दोनच वेळा करावे. ईर्षेविषयीही मान्य; ती मे महिन्यासाठी राखून ठेवावी एवढेच माझे म्हणणे.

फौंड्रीकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल नडगी दाबून पाहिली. दुखणे लांब पट्ट्यात आहे, उडी मारता येते, तरीही सोमवारी दाखवून घेणार आहे. वेळेची मांडणी अशी केली आहे: मंगळवार, गुरुवार आणि शनिवार पाऊण पाऊण तास पोहणे, बुधवारी ट्रेनरवर एक तास, रविवारी दोन तास सायकल, सोमवार आणि शुक्रवार अर्धा अर्धा तास सध्या भरभर चालणे आणि पुढे चालत-धावत, शिवाय 20 मिनिटांचे पायांचे व्यायाम दोनदा. एकूण 6 तास 55 मिनिटे होतात. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा ब्रिक सराव यात कुठे बसवावा, हे समजले नाही.

घाटवाट:

आताच बसवू नये. नडगी शांत झाल्यावर, मार्चपासून, रविवारी सायकल भिंतीला टेकवून फक्त 10 मिनिटे सावकाश पळावे. पाय लाकडासारखे वाटतात म्हणजे काय याची ओळख होण्यापुरते. खरे ब्रिक पावसाळ्यात करावेत, कारण जूननंतर गगनबावड्याच्या बाजूला लांब जाणे अवघड होते आणि ट्रेनरवरून उतरून दारातून थेट रस्त्यावर धावायला जाता येते. म्हणूनच तीन-चार तासांच्या लांब फेऱ्या एप्रिल-मे महिन्यांत, ऊन चढण्यापूर्वी उरकाव्यात.

येत्या रविवारी सकाळी सातला, उजाडल्यावर, मी शिवाजी पुलाजवळ असेन. वाघबिळाच्या पायथ्याहून परत फिरायची तयारी असेल तर या.

पाळीवाला:

मीही येतो. वळण्याचे मात्र वाघबीळ आल्यावर बघू.