घाटाने गावी निघण्यापूर्वी गाडीचे घरच्या घरी काय तपासावे?

प्रश्न : चिपळूणचा_पुणेकर

नमस्कार. गणपतीसाठी आम्ही दर वर्षी पुण्याहून कऱ्हाड, पाटण आणि कुंभार्ली घाट या वाटेने चिपळूणला जातो. यंदा आई-वडील आणि मुलगी धरून पाच जण असू आणि डिकी सामानाने भरलेली असेल. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तिचे सर्व्हिसिंग चार महिन्यांपूर्वीच झाले आहे. काल वायपरचे पाणी भरण्यासाठी बोनेट उघडले, तेव्हा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) डबीवरच्या खालच्या रेषेच्याही किंचित खाली गेलेले दिसले आणि ब्रेक ऑइल दोन रेषांच्या मध्याखाली उतरलेले होते. गॅरेजमध्ये फोन केला, तर 'दोन्ही थोडे थोडे भरून टाका, काही होत नाही,' असे सांगण्यात आले. गाडीतले फारसे न कळणाऱ्या माणसाने घरी काय काय पाहावे, आणि कोणते लक्षण दिसल्यास स्वतः हात न लावता गाडी मेकॅनिककडे न्यावी, हे कृपया कोणी सांगेल का?

उत्तर १ : निवृत्त_फिटर

आपण नुसते 'किती भरू' असे न विचारता थांबलात, हे बरे केले. गाडीतला कोणताही द्रव कमी झाला, तर तो कुठे गेला हे आधी शोधावे आणि मगच भरावा. आपल्या दोन्ही द्रवांची कारणे अगदी वेगळी असण्याची शक्यता आहे, म्हणून ती स्वतंत्रपणे पाहू.

ब्रेक ऑइल हे इंजिन ऑइलसारखे जळत नाही. ब्रेक पॅड झिजत जातात तसे कॅलिपरमधले, म्हणजे पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणाऱ्या भागातले, पिस्टन पुढे सरकतात, त्यांच्यामागची मोकळी जागा ऑइलने भरते आणि तेवढीच पातळी वरच्या डबीत खाली येते. त्यामुळे सात वर्षांच्या गाडीत पातळी सावकाश मध्याखाली येणे हे बहुधा पॅड झिजल्याचे चिन्ह असते. अशा वेळी वरून ऑइल भरले, तर ते चिन्ह पुसले जाते आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल डबीतून बाहेर सांडते. रंगावर सांडलेले ब्रेक ऑइल रंग उचलते. उतारावर ब्रेकवरच भिस्त असते, तेव्हा निघण्यापूर्वी चाके काढून पॅडची जाडी मोजून घ्यावी आणि ऑइल शेवटचे कधी बदलले हेही विचारावे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापले की त्यात वाफ धरून पेडल पोकळ लागते. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. मात्र पातळी काही दिवसांतच उतरली असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल किंवा पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जात असेल, तर ती गळती आहे. अशी गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

कूलंटचे तसे नाही. ते बंद चक्रात फिरते, त्यामुळे चार महिन्यांत रेषेखाली गेले असेल तर कुठूनतरी झिरपत असण्याचाच संभव अधिक आहे. पातळी सकाळी इंजिन पूर्ण गार असतानाच पाहावी. डबीवर रेषेशी स्केचपेनने एक खूण करावी आणि आठवडाभर रोज त्याच वेळी पाहावी. रात्री इंजिनाखाली जुन्या खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरून ठेवला, तर थेंब कुठे पडतात तेही कळते. एसीचे पाणी स्वच्छ असते आणि त्याची चिंता नको. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग मात्र कूलंटचा असतो. पुष्कळदा थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, कारण तो गरम नळीवरच सुकतो आणि सांध्याशी खडूसारखा थर उरतो. हा थर टॉर्च लावून शोधावा. बाहेर काहीच न सापडता पातळी उतरत राहिली, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला किंवा डिपस्टिकवरचे (इंजिन ऑइलची पातळी पाहायच्या काडीवरचे) ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यावा लागतो. ते घरी करण्याचे काम नाही.

आणि एक विनंती. बोअरचे पाणी भरू नका, त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या आत पापुद्रे धरतात. पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच कूलंट घ्या. ते पाणी मिसळून वापरायचे असेल, तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे करून भरा. इंजिन गरम असताना कूलंटचे झाकण तर कोणीही काहीही सांगितले तरी उघडू नका.

उत्तर २ : रोजचा_प्रवासी

फिटरसाहेबांच्या उत्तरात इंजिन ऑइलचा उल्लेख ओझरता आला आहे, म्हणून थोडी भर घालतो. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच वाचावी, कारण पहिल्यांदा काढलेल्या काडीवर ऑइल वरपर्यंत उडालेले असते. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही वाईट, कारण क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा दांडा) ऑइलात घुसळून त्याचा फेस होतो. ऑइल काळे पडले म्हणून घाबरू नये; काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

टायरची हवा सकाळी, गाडी फिरलेली नसताना पाहावी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जी पट्टी असते, तिच्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि एक पूर्ण भाराचा. आपण पाच जण आणि सामान असल्यामुळे दुसरा आकडा पाळावा. पावसात पकड मिळावी म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असे माझ्या सोसायटीतही बरेच जण सांगतात, परंतु कमी हवेचा टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो.

उत्तर ३ : देवरुखची_लेक

मला टायरविषयी आणखी एक सांगायचे आहे. खाचा शाबूत दिसल्या तरी टायरचे वय पाहावे. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात; २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, म्हणजे खोली १.६ मिमी उरली की टायर बदलायचाच असतो. पावसाळी घाटासाठी मी तिथपर्यंतही थांबणार नाही.

याच्याइतकेच महत्त्वाचे, आणि कोणीच न पाहणारे, ते म्हणजे स्टेपनी. तीन वर्षांपूर्वी आंबा घाटात माझा मागचा टायर बसला. स्टेपनी काढली, तर तिच्यात जेमतेम बारा पीएसआय हवा होती. त्याहून वाईट म्हणजे चाकाचे नट पंक्चरवाल्याने मशीनने इतके आवळले होते की गाडीसोबतच्या छोट्या पान्याने एकही हलेना. मी पान्याच्या दांडीवर दोन्ही पायांनी उभी राहिले आणि यजमान टपाला धरून मला सावरत होते, तेव्हा कुठे पहिला नट कुरकुरला. तेव्हापासून दर चार महिन्यांनी आम्ही अंगणात एक चाक काढून पुन्हा लावतो. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच लावायचा आणि चिखलात तो रुतू नये म्हणून डिकीत फळीचा एक तुकडा ठेवायचा.

उत्तर ४ : रोजचा_प्रवासी

ताई, फळीची युक्ती उत्तम आहे. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनी लहान आकाराची असते आणि तिच्यावरच ताशी ८० किमीची मर्यादा छापलेली असते, एवढेच जोडतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : चिपळूणचा_पुणेकर

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर केलेल्या पाहणीचा वृत्तान्त देतो. पुठ्ठा कोरडाच राहिला, परंतु चौथ्या दिवशी कूलंट खुणेच्या बोटभर खाली गेलेले होते. टॉर्च घेऊन पाहिले, तेव्हा रेडिएटरच्या वरच्या नळीच्या टोकाशी क्लिपभोवती फिकट गुलाबी कड धरलेली दिसली. नखाने खरवडली तर भुकटी झाली. दुसऱ्या मेकॅनिकने ती क्लिप आणि नळी दोन्ही बदलली. पुढचे ब्रेक पॅड काढून पाहिल्यावर एका बाजूला ३ मिमी आणि दुसऱ्या बाजूला त्याहून कमी निघाले, त्यामुळे तेही बदलले आणि ब्रेक ऑइल पूर्ण नवे भरले. नवे पॅड बसवताना डबीतली पातळी, फिटरसाहेबांनी सांगितले होते त्याप्रमाणे, माझ्यासमोर वर चढली.

स्टेपनीत अठरा पीएसआय हवा होती. टायर मात्र गाडीबरोबर आलेलेच आहेत, म्हणजे सात वर्षांचे. खाचा अजून बऱ्या आहेत, पण बाजूला बारीक भेगा दिसतात. चारही टायर आत्ता बदलावेत, की एवढा एक प्रवास करून मग?

उत्तर ५ : निवृत्त_फिटर

भेगा दिसू लागल्या असतील तर जाण्यापूर्वी बदला. चारही एकदम परवडत नसतील, तर दोन घ्या आणि गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी नवे दोन मागच्या चाकांना लावा. ओल्या वळणावर मागची बाजू घसरली तर गाडी सावरणे पुढच्यापेक्षा कठीण जाते. उरलेले दोन परत आल्यावर लगेच बदला.