रसेलने तरी दात मोजले होते का?

शंकासुर:
काल कोणीतरी पुन्हा तोच विनोद चिकटवला. अ‍ॅरिस्टॉटल म्हणे बायकांना दात कमी असतात. दोन लग्नं करूनही बायकोला 'आ कर' म्हणून मोजायचं त्याला सुचलं नाही. इति ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल. खाली हशा, आणि निष्कर्ष काय, तर तत्त्वज्ञ बडबडतात, विज्ञान मोजतं. अहो, अ‍ॅरिस्टॉटलचा मूळ उतारा बघा! माणूस, मेंढी, शेळी, डुक्कर यांच्यात नरांना दात जास्त, 'इतर प्राण्यांचं निरीक्षण अजून झालेलं नाही', असं त्यात आहे. गडी चुकला, पण निरीक्षणाची भाषा त्याचीच आहे. आणि रसेलची तर चार लग्नं झाली. त्याने मोजले?

मोजपट्टी:
विनोदाला तळटीप मागणाऱ्यांची कीव येते. मोठ्या माणसाने सांगितलं तरी तपासा, एवढंच म्हणणं आहे रसेलचं. १९६१ मध्ये, ८९ व्या वर्षी, अण्वस्त्रांविरोधात आठवडाभर तुरुंगात बसला तो. तुम्ही बसा उतारे चाळत.

अर्धीदाढ:
मी काल मोबाइलचा टॉर्च लावून मोजलेच. बायकोचे २८, माझे २९. उजवीकडची वरची अक्कलदाढ हिरडीतून अर्धीच डोकावतेय. आमच्या घरापुरता अ‍ॅरिस्टॉटल पास!

सोनचाफा:
अर्धीदाढ, दुखत नसेल तर काढू नका हो. माझी 'खबरदारी म्हणून' काढली, खालची. सहा महिने ओठाचा कोपरा बधिर. चहा हनुवटीवर ओघळायचा तेव्हा कळायचं, कप तिरका झालाय.

जुनं खोड:
काढाच. माझी ठेवली तर शेजारची दाढ किडली. बाय द वे, ऐंशी उलटलेल्या बायकांना अक्कलदाढ आल्याचंही अ‍ॅरिस्टॉटलने लिहिलंय, प्रचंड वेदनांसह.

शंकासुर:
हा धागा दातांचा नाही!!

सोनचाफा:
शीर्षकात दात कोणी घातले?

मोजपट्टी:
एका घरावरून नियम काढणारे महान आहेत. रसेलच्या १९१२ च्या पुस्तकातली कोंबडी आठवा. रोज दाणे टाकणारा हातच शेवटी तिची मान मुरगळतो.

शंकासुर:
बरं, कोंबडी मान्य. दातांच्या टाळीबाज विनोदापेक्षा ती शंभरपट सरस आहे. पण 'उतारे चाळत बसा' म्हणणाऱ्याने तपासण्यावर प्रवचन द्यावं, हे भारीच.

मोजपट्टी:
चाळला उतारा. 'अजून झालेलं नाही' आहे. खूश?

अर्धीदाढ:
एक्स-रे टाकू का इथे? ती आडवी वाटतेय.