'शेडिंग'ला (लागण झालेल्याच्या शरीरातून विषाणू बाहेर पडत राहणे) मराठीत काय म्हणावे?

'लहान मुलांत व्हायरल शेडिंग मोठ्यांपेक्षा जास्त दिवस चालते.' इथे 'स्राव' चालेल की 'उत्सर्जन'?

— 'स्राव' नको. स्राव म्हणजे शेंबूड, लाळ. विषाणू त्यात असतो. नाक वाहायचे थांबले तरी विषाणू बाहेर पडत राहू शकतो. तिथे 'स्राव थांबला' लिहिलेत तर वाचणारा उलटा अर्थ घेईल. 'विषाणू-उत्सर्जन' ठीक आहे. पालकांसाठी मात्र सरळ लिहा: 'नाका-घशातून विषाणू बाहेर पडत राहतात.'

— 'उत्सर्जन' म्हटले की शाळेतली उत्सर्जन संस्था आठवते, मलमूत्रासकट! अडेनोव्हायरसच्या (सर्दी-तापाचा एक विषाणू) बाबतीत तेही खरेच म्हणा. तो विष्ठेतून कित्येक आठवडे पडत राहतो.

— खरा घोळ पुढे आहे. 'मूल दहा दिवस संसर्गजन्य असते' असे सर्रास छापतात. जन्य म्हणजे '-पासून झालेला'. रोग संसर्गजन्य, मुलाकडून 'लागण होऊ शकते'. शिवाय उत्सर्जनकाळ आणि संसर्गकाळ एकच धरू नका. पीसीआर चाचणीला विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे सापडले तरी ती पॉझिटिव्ह येते. त्या विषाणूत लागण करण्याची ताकद उरली आहे का, हे तो पेशींवर वाढवून पाहिल्यावरच कळते. सीटी म्हणजे विषाणू दिसेपर्यंत पीसीआरला लागलेल्या फेऱ्या; त्या जितक्या जास्त, तितका नमुन्यात विषाणू कमी. सीटी 20 आणि सीटी 30 यांत दहा फेऱ्यांचा फरक. दर फेरीला दुप्पट, म्हणजे जवळजवळ हजारपट. पण मूल रडतेय म्हणून स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवला, तर नुसत्या अपुऱ्या नमुन्यानेही सीटी वाढतो. त्यावरून 'उत्सर्जन घटले' लिहू नये.

— आकडा देताना दिवस कुठून मोजले तेही लिहा: लक्षणांपासून की चाचणीपासून? इन्फ्लुएंझात विषाणू लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पडू लागतो. मोठ्यांत लक्षणांनंतर साधारण 5 ते 7 दिवस, लहान मुलांत 10 किंवा जास्त. आरएसव्हीत (श्वसनमार्गाचा एक विषाणू) बहुधा 3 ते 8 दिवस, पण तान्ह्या बाळांत 4 आठवडेही. बाळाची त्या विषाणूशी पहिलीच गाठ असते, त्यामुळे तो आवरायला वेळ लागतो.

— 'अधिशयन काळ' यात मिसळू नका. तो लागण झाल्यापासून पहिल्या लक्षणापर्यंतचा.

— आणि 'सतत उत्सर्जन' जपून लिहा. ऱ्हायनोव्हायरसचे (नेहमीच्या सर्दीचा विषाणू) दीडशेहून अधिक प्रकार आहेत. दोन महिने पॉझिटिव्ह येणाऱ्या मुलात तो एकच विषाणू रेंगाळलाय की पाठोपाठ दुसरा प्रकार शिरलाय, हे नेहमीची पीसीआर सांगत नाही. त्यासाठी जनुकक्रम काढावा लागतो. तोवर 'वारंवार आढळला' एवढेच.