प्रति: फ्युजन जेवणात तोल का हरवतो?

‘महागड्या फ्युजन रेस्टॉरंटात सगळं नुसतं आंबट-खारट होतं, एकाही पदार्थाला तोल नव्हता’ हा वरचा मुद्दा अर्धाच पटला. भेसळ म्हणून फ्युजनला, म्हणजे वेगवेगळ्या स्वयंपाकपद्धतींच्या मिलाफाला, नावं ठेवण्यात अर्थ नाही. मलेशियातल्या मलाक्का-पेनांगकडचं आणि सिंगापूरचं न्योन्या जेवण चिनी आणि मलय स्वयंपाकाच्या मिलाफातूनच घडलं, आणि व्हिएतनामच्या बान्ह मी या सँडविचचा पाव मुळात फ्रेंचांचा.

माझ्या मते खरी गडबड वाढण्याच्या क्रमात होते. थाई जेवणात सूप, करी, सॅलड सगळं एकदम मांडतात, सोबत भात, आणि प्रत्येकजण थोडं थोडं घेतो. सोम तम हे कच्च्या पपईचं सॅलड फिश सॉस (माशांचा खारट सॉस), लिंबू, मिरची आणि ताडगुळाने इतकं झणझणीत करतात, कारण ते चिकट भाताच्या घासाबरोबर खायचं असतं. उंची रेस्टॉरंटात तेच स्टार्टर म्हणून एकटं समोर येतं, भात येतो अर्ध्या तासाने. मग जीभ भाजणारच! एकदा असंच झाल्यावर पुढच्या खेपेला मी आधीच सांगितलं की सगळं एकदम आणा, भात पहिल्यापासून हवा. पदार्थ तेच, पण जेवण अक्षरशः वेगळं लागलं. त्यांनी आनंदाने ऐकलं, हेही सांगायला हवं.

शाकाहाऱ्यांनी मात्र नुसतं ‘व्हेज’ म्हणून थांबू नये. भाज्यांच्या थाई ग्रीन करीच्या वाटणातही बहुधा कोळंबीची पेस्ट असते, ते नाव घेऊनच विचारा.