नील बेटावर चार रात्री, सोबत आई आणि पाच वर्षांचा मुलगा… जमेल का?

पिवळी_छत्री
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी अंदमानला जायचं ठरतंय, म्हणजे मी ठरवतेय आणि नवरा "हो हो बघू" म्हणतोय. हातात पाच दिवस चार रात्री, विमानप्रवास धरून. मी, नवरा, मुलगा (पाच वर्षं, पाणी दिसलं की बूट काढायलाही थांबत नाही) आणि माझी आई, वय 68, गुडघे दुखतात पण ते मान्य करत नाही. टूरवाल्याने पाठवलेल्या कार्यक्रमात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर, रोज सकाळी सातला तयार राहा असं आहे. ते वाचूनच मी दमले. आम्हाला खरं तर एका जागी बसायचंय, पोराने वाळूत खेळावं, आईने समुद्राकडे बघत चहा प्यावा, बास. नुसतं नील केलं तर चालेल का? का एवढं लांब जाऊन मूर्खपणा होईल?

ओलीवाळू
ताई, मूर्खपणा अजिबात नाही, उलट चार रात्रीत तीन ठिकाणं हा मूर्खपणा आहे. प्रत्येक वेळी बॅगा भरा, चेक-आऊट करा, जेट्टीवर लवकर पोचा, बॅगा चढवा उतरवा, अर्धा दिवस त्यातच जातो आणि लहान मूल असेल तर उरलेला अर्धा ते झोपेतून उठून रडण्यात.

नील म्हणजे जेमतेम चौदा चौरस किलोमीटर. गावांची नावं रामायणातली, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. वस्ती बरीचशी बंगाली, भाजीपाला इथे पिकतो आणि तिथून बाकी बेटांवर जातो. रिक्षाने कुठूनही कुठेही थोड्या वेळात पोचता.

मुलासाठी भरतपूर, जेट्टीच्या अगदी शेजारी आहे, पाणी उथळ. पण ओहोटीला तिथे पाणी खूप आत जातं आणि खाली टोचरी प्रवाळं उघडी पडतात, तेव्हा पोहायला जाऊ नका. आणि रबरी सोलचे बूट घ्याच, चपला काही कामाच्या नाहीत.

आईंबद्दल एकच, लक्ष्मणपूरला जो नैसर्गिक दगडी पूल आहे तिथे उतरून मग शेवाळलेल्या खडकांवरून चालत जावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना ते नको. त्यांना वर सावलीत बसवा, तुम्ही तिघं जाऊन या. त्या पुलापेक्षा खडकांतल्या डबक्यात पोरगं जास्त रमेल, खेकडे, समुद्रकाकड्या, छोटे मासे सगळं बसल्या जागी दिसतं.

झोपाळू_प्रवासी
माझं थोडं वेगळं मत. नीलला संध्याकाळनंतर करायला काही म्हणजे काहीच नाही, आमच्या घरच्यांना दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. हॅवलॉकचा राधानगर बीच न बघता परत यायचं? टाइम मासिकाने 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं त्याला, आणि बघितल्यावर ते पटतं. दोन रात्री हॅवलॉक, एक नील, एक पोर्ट ब्लेअर, आरामात होतं.

ओलीवाळू
@झोपाळू, राधानगर सुंदर आहे ते मान्य. पण त्यांना "करायला काही नाही" हेच हवंय ना, प्रश्नच तो आहे 😄 आणि तुमच्या प्लॅनमध्ये तीन बोटी होतात.

आजोबांचा_कॅमेरा
कुठलंही बेट करा पण शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा, ही माझी हात जोडून विनंती. आम्ही शहाणपणा करून परतीच्या दिवशी सकाळच्या बोटीने निघून दुपारचं विमान पकडणार होतो, सकाळी कळलं की वाऱ्यामुळे बोट रद्द, मग दुसरी मिळेपर्यंत विमान गेलं आणि पाच जणांची नवी तिकिटं काढावी लागली, त्या पैशात अजून एक ट्रिप झाली असती. जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो पण बहुधावर विमान सोडू नये. त्या शेवटच्या मुक्कामात सेल्युलर जेल बघून होतं, तिथे जाऊन सावरकरांची कोठडी न बघता परतलात तर घरी काय सांगाल.

दुसरं, नावांचा घोळ. 2018 साली नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर नवं नाव, हॉटेलवाल्याच्या तोंडात जुनं. तिकीट काढताना चुकीचं बेट निवडू नका, हसू नका, आमच्याकडे झालंय. मुलासकट सगळ्यांची ओळखपत्रं वरच्या पिशवीत ठेवा.

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. आईंना कुठली चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पिवळी_छत्री
बापरे केवढी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर पक्की केली. तीन रात्री नील. नवरा म्हणतो राधानगर पुढच्या वेळी, म्हणजे पुढची वेळ आहे हे त्याने कबूल केलं, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आता प्रश्न, ही भरती ओहोटी आधी कळते का? आमची आजी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची, चतुर्थीला तीन वाजता वगैरे. ते गणित तिथे चालेल?

खाडीकाठ
नाही हो, ते गणित आपल्या कोकण किनाऱ्याचं. प्रत्येक किनाऱ्याचा चंद्राशी हिशोब वेगळा असतो, शिवाय अंदमान इतकं पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक नेटवर बघा, नीलला त्याच्या आसपासच असतं. पण आजीचं अर्धं ज्ञान तिथेही चालतं: वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ओहोटीही खोल. दगडी पुलाला जायचं तर तेच दिवस बरे, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरेसं मागे हटत नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी तिथे पोचा आणि पाणी वळलं की निघा, पोरगं कितीही रडलं तरी.

घड्याळाचं अजून एक, सूर्य तिथे लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्यास्त. सहाला बघू म्हणून चहा पीत बसलात तर लक्ष्मणपूरला नुसता अंधार बघाल. एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोख न्या.

ओलीवाळू
अजून एक राहिलं, सँडफ्लाय. चिलटाहून बारीक, दिसत पण नाहीत, पण पाय आठवडाभर खाजतात. सकाळ-संध्याकाळ ओल्या वाळूवर थेट बसू नका, मुलाला लांब पँट घाला, आम्ही पायांना खोबरेल तेल चोपडायचो.

आणि मुलाच्या खिशात परत येताना नजर टाका. प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला पांढरा असला तरी, आणायला बंदी आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

पिवळी_छत्री
खिसे मी तपासेन पण आईचे कोण तपासणार, ती गेल्या वेळी समुद्रावरून पिशवीभर शिंपले घेऊन आली होती 😑 आज रात्री बोटीची तिकिटं काढतेय. शहीद द्वीप. दोनदा वाचून.